घेणाऱ्याचा धर्म

ज्या घरात एखाद्या मुलाला वा मुलीला ऐन विशीत स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ मुदतीच्या मानसिक आजाराने गाठलेले असते, त्या घरातील आईवडील साठी ओलांडू लागले म्हणजे डॉक्टरांच्या दालनात, नातेवाइकांच्या बैठकीत आणि रात्री दिवा मालवल्यावर एकमेकांपाशी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारू लागतात: आमच्या पश्चात याचे कसे होणार? प्रश्न खरा आहे, आणि त्याच्या पाठीशी वीस-पंचवीस वर्षांची जागरणे असल्यामुळे तो ऐकणाऱ्याला निरुत्तर करतो. परंतु ज्याच्याविषयी तो विचारला जातो तो मनुष्य बहुधा पलीकडच्याच खोलीत बसलेला असतो, आणि त्याच्या मनात तोच विषय घोळत असला तरी प्रश्नाचे रूप वेगळे असते. मी कोठे राहणार, दाराची किल्ली कोणाकडे असणार, दिवसाचा क्रम कोण ठरवणार, आणि मला जी मदत लागेल ती देणारा माझ्यावर सत्ता गाजवणार की काय, हे त्याला विचारावयाचे असते. पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे करुणेने उत्तर देणारे पुष्कळ आहेत. दुसरा मात्र धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या कक्षेतला प्रश्न आहे हेच अजून फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आजाराचा उद्रेक शमल्यानंतरची जी अवस्था असते ती बाहेरच्याला दिसत नाही. भास थांबलेले असतात, औषधे चालू असतात, भेटावयास आलेल्या पाहुण्याशी हा मनुष्य नीट बोलतोही. मात्र गॅसचा नंबर लावणे, विजेचे बिल मुदतीत भरणे, गोळ्या संपण्यापूर्वी नव्या आणणे, दार वाजले असता उठून ते उघडणे, आणि यांहूनही कठीण म्हणजे सकाळी अंथरुणातून उठून न्हाणीपर्यंत पोचणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याला वेगवेगळी इच्छाशक्ती खर्चून करावी लागते, आणि निरोगी माणसाची हीच कामे इच्छाशक्तीला न विचारता होत असल्यामुळे त्यांत काही कष्ट आहेत हे त्याला पटत नाही. अशा माणसाला स्वतःच्या बिऱ्हाडात राहावयाचे असेल तर थोडकी पण नियमित मदत लागते: आठवड्यातून दोनदा येऊन जाणारे कोणी, महिन्याकाठी डॉक्टर, हाताशी थोडा पैसा, आणि अपरात्री मन बिघडले तर फोन उचलणारे एक माणूस. ही मदत तो मागू लागला की घरचे म्हणतात, तुला मदत लागते, तेव्हा तुला एकट्याने राहता येणार नाही; आणि कचेरी म्हणते, तू एकटा राहतोस, तेव्हा तुला मदतीची गरज नाही. दोन्ही वाक्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे, ते असे की साहाय्य आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदू शकत नाहीत. हे गृहीतक मला खोटे वाटते, आणि ते खोडून काढण्यास लागणारी सामग्री आपल्याच धर्मविचारात पडून आहे.

प्रथम कचेरीकडे वळू, कारण तत्त्वज्ञान कोणतेही असो, माणसाला रांगेत तेथेच उभे राहावे लागते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत मानसिक आजारही आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. मानसिक आजाराच्या बाबतीत हे टक्के काढण्याची जी रीत आहे ती स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम अशा चार अंगांनी माणसाची परीक्षा करते, आणि आजार किती काळचा आहे हेही जमेस धरते. रीत म्हणून ती वाईट नाही. जे क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही त्यालाही काही माप हवेच. परंतु तपासणीच्या दिवशी आईने आग्रहाने दाढी करावयास लावून, इस्त्रीचा सदरा घालून पाठवलेला मनुष्य वैद्यकीय मंडळापुढे बसतो, विचारलेल्याला धीराने उत्तरे देतो, आणि त्या धीरापायीच त्याचे टक्के घटतात. पुढे तो दाखला घेऊन तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावयाचा, सोबत उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला जोडावयाचा, मंजुरी आलीच तर दरसाल हयातीचा दाखला हजर करावयाचा. सरकारी पैशाला हिशेब हवा हे मी नाकारीत नाही, आणि समोरचा कारकून बहुधा आपल्या हुकमाप्रमाणेच वागत असतो. यातला अन्याय कोठे आहे हे समजण्यास चरकाची मदत होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि या प्रत्येकाच्या ठायी चार चार गुण अपेक्षिले आहेत. परिचारकाला उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याला स्मृती हवी, वैद्याचे सांगणे पाळण्याची वृत्ती हवी, निर्भयता हवी, आणि आपला रोग सांगता यावयास हवा. ज्वराच्या किंवा मोडलेल्या हाडाच्या रोग्याकडून एवढी अपेक्षा करण्यास हरकत नाही. मनाच्या आजारात मात्र रोगाचा घाला नेमका याच चार गुणांवर पडतो: नैराश्याने स्मृती मंदावते, संशयाने ग्रासलेल्याला सांगितलेले पाळता येत नाही, निर्भयता तर आरंभीच जाते, आणि ज्याला आपली व्यथा सुसंगत शब्दांत मांडता आली तो निम्मा बरा झालेला असतो. चौथा पाद असा खचला असता त्याचा भार उरलेल्या तिघांनी उचलावा हा साधा न्याय झाला. आपली व्यवस्था मात्र अर्ज लिहिणे, तारखा ध्यानात ठेवणे, अनोळखी अधिकाऱ्यापुढे न डगमगता उभे राहणे आणि स्वतःची दुर्बलता मुद्देसूदपणे सिद्ध करणे, ही रोगाने हिरावून नेलेली सामर्थ्येच मदतीची पूर्वअट म्हणून मागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही दाखल्यावाचून लावता येतो, म्हणून मला त्याचे मोल वाटते. फोनवरच्या माणसाला स्वयंपाकघरातले खरकटे आवरता येत नाही हे खरे, पण तो बोलणाऱ्याची पात्रता तरी तपासून पाहत नाही.

आता त्या गृहीतकाकडे. परवशता म्हणजेच दुःख आणि स्वाधीनता म्हणजेच सुख, या आशयाचे मनुस्मृतीतले लक्षण आपल्याकडे सुशिक्षित घरांत लहानपणापासून ऐकवले जाते, आणि स्वावलंबनाच्या आधुनिक शिकवणीने त्याला नवे तेज आणले आहे. परंतु तोच ग्रंथ गृहस्थाश्रमाचे माहात्म्य सांगताना इतर आश्रम गृहस्थाच्या आधारावर जगतात असेही सांगतो. ब्रह्मचारी भिक्षा मागतो, संन्यासीही मागतो. मोक्षाच्या सर्वांत निकट मानलेला पुरुष अन्नाच्या बाबतीत सर्वांत परावलंबी असतो, आणि त्याच्या दारी येण्याने गृहस्थच स्वतःला धन्य मानतो. ज्याला आपण स्वावलंबी म्हणतो तो गृहस्थही जन्मतः देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणको असतो असे वैदिक वाङ्मय म्हणते, आणि शतपथ ब्राह्मणाने तर त्यांत मनुष्यांचेही ऋण जोडले आहे. सकाळी तयार डबा उचलून कचेरीस जाणाऱ्या कर्त्या पुरुषाने आपल्या स्वावलंबनाच्या खात्याची दुसरी बाजू उघडून पाहिली, तर तीत पत्नीची, मोलकरणीची आणि पहाटे रस्ता झाडून गेलेल्या माणसाची नावे निघतील. त्याचे परावलंबन कोणत्याही मंडळापुढे टक्क्यांत मांडावे लागत नाही, एवढाच त्याच्यात आणि आपल्या शुभार्थीत फरक. (मानसिक आजाराशी झगडणाऱ्याला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची रीत महाराष्ट्रातील स्वमदतगटांतून रूढ झाली आहे, आणि 'रुग्ण' व 'पालक' यांपेक्षा ती मला बरी वाटते.)

येथे एक विचक्षण वाचक हरकत घेईल की दान घेणे आपल्या परंपरेत गौरवाचे मानलेले नाही. प्रतिग्रहाने ब्राह्मणाचे तेज क्षीण होते, म्हणून अधिकार असूनही त्याने तो शक्यतो टाळावा, असे धर्मशास्त्रच सांगते. हरकत बिनतोड आहे, पण तीच आपल्याला प्रश्नाच्या गाभ्याशी नेते. दान घेऊन तेज जाते आणि भिक्षा मागून जात नाही, असे का असावे? दोघेही घेतच असतात. मला वाटते याचे उत्तर माधुकरीच्या नियमांत आहे. मधमाशी जशी अनेक फुलांवरून थोडे थोडे घेते आणि एकाही फुलाला इजा करीत नाही, तसे अनेक घरी जाऊन प्रत्येक घरून थोडे घ्यावयाचे, ही त्या आचारामागची कल्पना. या नियमांचा भर घेणाऱ्याच्या विनयावर आहे असे समजले जाते. त्यांचा दुसरा परिणाम असा की कोणत्याही एका घराला त्या मनुष्यावर मालकी सांगता येत नाही. दान देणारा यजमान एक असतो, आणि ज्याच्या एकट्याच्या हातून आपल्याला सर्व काही मिळते त्याच्यापुढे आवाज चढवणे कठीण जाते.

गेल्या शतकापर्यंत पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या रिवाजाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तो जातीच्या कुंपणातला होता, कित्येक घरी पान वाढताना शब्दही वाढले जात, आणि ज्यांना ते गिळावे लागले त्यांनी ते जन्मभर विसरले नाहीत. तरीही त्याच्या रचनेत एक शहाणपण होते: एका घरी अपमान झाला तर सहा घरे उरत. आजच्या शुभार्थीचे सातही वार एकाच दारी असतात, आणि त्या दारात बहुधा आई असते. त्याचे औषध, पैसा, जेवण, बाहेर जाण्याची परवानगी, डॉक्टरांपुढे मांडायची हकीकत, सारे तिच्या हातून जाते. तिने मागितली नसताना एक सत्ता तिच्याकडे आलेली असते, आणि एखाद्या रात्री ती गोळी आमटीत विरघळवून देते तेव्हा ती दुष्ट असते असे कोणी म्हणू नये. ती थकलेली असते, आणि तिच्याही मागे दुसरे कोणी नसते. परवशतेचे जे दुःख स्मृतिकारांना दिसले ते आधार घेण्यातले नाही, सगळा आधार एकाच हाती असण्यातले आहे; आणि असे असेल तर स्वतंत्र राहू पाहणाऱ्या शुभार्थीला आधार कमी करून चालणार नाही, ते वाढवून पसरावे लागतील, इतके की त्यांतील एक तुटला तरी त्याचे घर मोडू नये.

परंतु भिक्षूने भिक्षा पत्करलेली असते; आजारी माणसाने काहीच पत्करलेले नसते, आणि परत देण्यासारखे त्याच्याकडे ना उपदेश असतो ना पुण्य. या अडचणीला बौद्ध विनयग्रंथांतील महावग्गात एक उत्तर आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना आढळला. त्याची शुश्रूषा कोणी का करीत नाही असे विचारता कळले की हा भिक्षू इतर भिक्षूंच्या काही कामी पडत नाही, म्हणून तेही त्याच्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, मंचकावर निजवले, आणि मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हांला येथे मायबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहावयाचे. या कथेत सहसा बुद्धांची करुणा पाहिली जाते. मला त्यांनी परतफेडीचा मुद्दा ज्या रीतीने निकालात काढला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्या भिक्षूच्या बाजूने, तो बरा झाल्यावर उपयोगी पडेल, असा युक्तिवाद त्यांनी केला नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्यावर खर्च करावा असे सांगणारे शहाणे लोक वाया गेलेल्या मनुष्यदिवसांचा हिशेब पुढे करतात. तो हिशेब खरा असेलही, पण जो कधीच नोकरी करू शकणार नाही त्याला त्यात जागा नाही.

आजार हे पूर्वकर्माचे फळ आहे, हा कर्मविपाकाचा मुद्दाही येथेच संपवतो, कारण तो या विषयात फार रेंगाळतो. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्धांनी वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा पालट, विषम आचरण आणि बाहेरचा आघात ही सात झाल्यावर आठवे कर्म. जो समाज आठव्यापासून मोजू लागतो त्याला पहिल्या सातांवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

संघ झाला तरी तो वेचलेल्यांचा समुदाय. परतफेडीचा विचार न करता एखाद्याला सांभाळणे अख्ख्या गावाला जमेल काय? अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरात तेराव्या शतकात ते काही अंशी जमलेले दिसते. महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभू, चक्रधरांचे गुरू, यांचे वर्तन गावाला वेडसर वाटे; ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते मागून खात, मुलांत मूल होऊन खेळत, मध्येच कोपत. म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या त्यांच्या चरित्रात हे सारे संकोच न बाळगता नोंदलेले आहे. महानुभावांच्या दृष्टीने ही परमेश्वराची क्रीडा आहे, आणि तिला आजार म्हणण्याचा अधिकार मी घेत नाही. मला कुतूहल आहे ते गावाचे. त्या गावाने त्यांना वेडाही म्हटले आणि मायबापही म्हटले, दार बंद केले नाही, आणि चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या शिष्यमंडळाने तेथे राहून गोविंदप्रभूंच्या न्हाण्याजेवण्याची सेवा केली. युरोपात बेल्जममधील गील या गावाचीही कथा अशीच आहे: सेंट डिम्फ्ना हिच्या चर्चमध्ये मनाच्या आजाराने पीडित झालेले यात्रेकरू येऊ लागले, जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि शतकानुशतके चालत आलेल्या या पद्धतीत १९३० नंतरच्या दशकात तीन हजारांहून अधिक पाहुणे त्या गावी कुटुंबांत राहत होते. तेथे यजमान कुटुंबाला आजाराचे नाव सांगावयाचे नाही अशी परंपरा आहे; कोणाला काय आवडते, कोण कशाने बिथरतो, एवढे कळले की त्यांचे भागते.

पण श्रद्धेचा आधार दोन्ही दिशांना नेतो. तामिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याभोवतीही बरे होण्याच्या आशेने माणसे आणून ठेवली जात, आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका निवासाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. शिवाय ऋद्धिपुराने ज्याला सांभाळले त्याच्यात त्याने ईश्वर पाहिला होता. ज्याच्यात कोणालाच ईश्वर दिसत नाही, जो नुसताच चिडका, मळकट, रात्रभर रेडिओ लावून शेजाऱ्यांची झोप मोडणारा आहे, त्याला पुण्याईवर विसंबता येत नाही. त्याला हक्क लागतो.

तो हक्क कागदावर आला आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि अशांसाठी मध्यमार्गी गृहे व सामूहिक घरे यांची तजवीज सरकारने वाजवी मुदतीत करावयाची आहे. मुदत किती म्हणजे वाजवी हे लिहिलेले नाही. महाराष्ट्रात बरे झालेल्या काही जणांची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत होऊ लागली, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला ती थांबवण्यास सांगावे लागले. ज्या भूमीत भिक्षेला आश्रमधर्माचे स्थान होते, तेथे १९५९ च्या कायद्याने ती गुन्हा ठरली, आणि पुढे त्या गुन्ह्यासाठी बांधलेल्या इमारती बऱ्या झालेल्या माणसाचे घर म्हणून सुचाव्यात, याहून अधिक कटू भाष्य कोणा टीकाकाराला सुचले नसते.

तरी पाऊलवाट नाही असे नाही. चेन्नईच्या बॅनियन संस्थेने रुजवलेली भाड्याच्या साध्या घरांची पद्धत, ज्यात चार-पाच जणी सामान्य वस्तीत एकत्र राहतात आणि मदतनीस त्यांच्या सोबतीला असते, रत्नागिरीतही आली आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा तराशा हा प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांत राहण्यास आणि काम मिळवण्यास हात देतो. दोन्हींत मला विशेष वाटतो तो हा साधेपणा, की घर हे घरासारखे आणि वसतिगृह हे इतर वसतिगृहांसारखेच असते.

उरला तो सर्वांत अवघड प्रसंग, जेव्हा मदत नाकारली जाते. पुन्हा उद्रेक होतो, गोळ्या फेकल्या जातात, दाराला आतून कडी लागते. आणि बाहेर उभ्या असलेल्याने कडी मोडावी की परत जावे? शुश्रूषा करण्यास कठीण अशा रोग्याची पाच लक्षणे महावग्गाने त्याच प्रकरणात दिली आहेत. पथ्य न पाळणारा, त्याचे प्रमाण न जाणणारा, औषध न घेणारा, आपली अवस्था परिचारकाला खरी न सांगणारा, आणि वेदना न सोसणारा. हे वर्णन वाचून कोणाही शुभंकराला आपले घर आठवेल. मात्र अशा रोग्याला सोडून द्यावे असे तेथे म्हटलेले नाही; शुश्रूषा न झाल्याचा दोष संघाच्या माथी ठेवला आहे. यावरून कडी मोडण्याची मोकळीक मिळते असेही कोणी समजू नये. आत कोंडून घेतलेला आणि महिन्यापूर्वी शांतपणे बोलणारा, यांपैकी खरा मनुष्य कोणता, हा प्रश्न वेदान्त्याला विचारला तर तो दोघांनाही उपाधी म्हणेल आणि दाराबाहेरच्याला त्याचा काही उपयोग होणार नाही. २०१७ च्या त्याच कायद्याने येथे एक विनम्र मार्ग काढला आहे: आजार शांत असताना मनुष्याने स्वतःच पूर्वनिर्देश लिहून ठेवावा, आपल्याला कोणते उपचार चालतील, कोणते चालणार नाहीत, आणि आपल्या वतीने बोलणारा कोण असेल. तातडीच्या उपचारांना तो लागू नाही, आणि नातेवाइकांना त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, म्हणून तो अभेद्य नाही. पण आपल्या वतीने बोलणारा रक्ताचाच असावा अशी अट त्या कायद्यात नाही. मित्र चालतो, शेजारीण चालते, वसतिगृहातली सोबतीण चालते, आणि त्या कागदावर एकच नाव लिहिले पाहिजे असेही नाही, अनेक नावे पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात.